गुरुवारचा जोडतास

शाळेतला तास पस्तीस मिनिटांचा असतो, ही गोष्ट विज्ञानाच्या बाईंना गेली सतरा वर्षं खटकत होती. साठ मिनिटांचा एक तास, हे त्या स्वतःच तिसरीच्या पोरांना शिकवायच्या आणि शिकवून संपायच्या आत घंटा व्हायची. पण खटकणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं. बाई मुळात बोलण्यातल्या नव्हत्या. लोक जिथे हो किंवा नाही म्हणून मोकळे होत, तिथे त्या मान किती हलवायची याचा विचार करत.

या पस्तीस मिनिटांच्या जाचातून त्यांनी एकच सुटका मिळवली होती. चौथीचा गुरुवारचा पाचवा आणि सहावा तास. दोन्ही विज्ञानाचे, एकाला एक जोडून. मधली घंटा सगळ्या शाळेसाठी व्हायची, पण चौथीचा वर्ग ती ऐकून न ऐकल्यासारखी करायचा. सलग सत्तर मिनिटं! तेवढ्यात पाणी उकळून पुन्हा निवायचं, ढवळलेला खडूचा चुरा तळाशी बसायचा आणि बर्फ वितळायचा. बर्फाला वितळायला पन्नास मिनिटं लागतात. बर्फ वेळापत्रक वाचत नाही. हा जोडतास मिळावा म्हणून बाईंनी सहा वर्षं अर्ज केले होते. दर वर्षी एक, तोच मजकूर, फक्त तारीख बदलून.

तो जोडतास जायची वेळ आली ती एका पत्रामुळे.

पत्र वरच्या कार्यालयातून आलं होतं. प्राथमिक वर्गांना भाषेसाठी आठवड्याला पुरेसा वेळ दिला जातो किंवा कसे, याचा खुलासा तीन आठवड्यांत करावा, असं त्यात होतं. खाली सही आणि सहीवर शिक्का, अशा बेतानं मारलेला की सही कुणाची ते कळू नये.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, सगळ्यांना शिक्षकांच्या खोलीत गोळा केलं. भिंतीवर वेळापत्रकाचा फळा होता. त्यावर चौथीचे आठवड्याचे चाळीस तास रंगीत कार्डांनी टाचलेले. भाषेची कार्डं हिरवी आणि ती होती सात.

"पुरेसा म्हणजे किती?" मोठ्या सरांनी विचारलं. त्यांना प्रश्न विचारायला आवडत असे, कारण तोवर उत्तर द्यावं लागत नसे.

"बारा," भाषेच्या बाई म्हणाल्या. पत्र वाचून पूर्ण व्हायच्या आधीच त्यांचा आकडा तयार होता.

"बाराच का?"

"सर, अहो, पोरांना चार ओळी धड बोलता येत नाहीत. काल एकाला विचारलं, सुट्टीत काय केलंस? तर म्हणतो, 'मजा.' पुढे? 'खूप मजा.' सात तासांत याहून जास्त येत नाही. बारा हवेतच."

भाषेच्या बाईंना स्वतःला चार ओळींत काही सांगता येत नसे, त्यांना चाळीस लागत. त्या बोलायला लागल्या की शिपाईकाका खिडक्या लावायला सुरुवात करत, म्हणजे उशीर किती झाला ते सगळ्यांच्या लक्षात यावं. आणि या भाषेच्या बाई विज्ञानाच्या बाईंच्या सख्ख्या नणंद लागत. त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत. शाळेत दोघी एकमेकींना 'बाई' म्हणत आणि 'तुम्ही' करत. फाटकाबाहेर पडलं की एक 'वहिनी' व्हायची आणि दुसरी 'वन्सं'.

"पाच तास आणायचे कुठून?" खेळाचे सर म्हणाले. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि ते ती मुठीत धरून बसले होते, जणू आधी तीच नेतील.

मोठे सर सुवर्णमध्याचे भक्त. दोन माणसं भांडत असली तर ते मधे खुर्ची टाकून बसत. ते म्हणाले, "पाच विषयांतून एकेक. खेळाचा एक, गाण्याचा एक, चित्रकलेचा एक, गणिताचा एक, आणि..." त्यांचं बोट फळ्यावरून फिरत गुरुवारवर आलं. "हे बघा, इथे विज्ञानाचे दोन एकाशेजारी एक आहेत. एक गेला तरी दिसणार नाही."

विज्ञानाच्या बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "बर्फाला दिसेल."

कुणाला काही कळलं नाही. सोमवारी पुन्हा बसायचं ठरलं.

घरी त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त वाजत होती. नणंदबाई खाली आल्या, ओट्याला टेकल्या आणि न बोलावता बोलू लागल्या.

"वहिनी, तू रागावलीस?"

"नाही, वन्सं."

"मला नुसतं वन्सं म्हणालीस म्हणजे रागावलीस. एरवी 'अहो वन्सं' म्हणतेस."

नवरा टेबलावर मिक्सर उघडून बसला होता. गेल्या महिन्यापासून तो मिक्सर दुरुस्त करत होता आणि मिक्सरही ते सहन करत होता. "छकुले, एक तास सोड ना तिचा," तो म्हणाला. छकुलीचं वय त्रेचाळीस आणि वजन त्याहून बरंच जास्त होतं. पण दादाच्या तोंडी ती छकुलीच.

"दादा, तू स्क्रू मोज. भाषा नसेल तर तिच्या विज्ञानातलं पोरांना कळणार काय? ढेकूळ?"

हे वाक्य विज्ञानाच्या बाईंच्या डोक्यात अडकून बसलं. गॅस बंद करता करता त्या थांबल्या. भाषेशिवाय विज्ञान कळत नाही, म्हणजे विज्ञानाच्या तासातही भाषा असते. असते तर किती असते? आणि ती असेलच, तर वेगळे पाच तास कशाला? हे मोजता येईल. मोजता येण्यासारखं काही दिसलं की बाईंना बरं वाटे. रात्रीचं जेवण त्यांनी हसऱ्या चेहऱ्यानं वाढलं. नणंदेला त्याची थोडी भीतीच वाटली.

सोमवारी त्यांनी प्रस्ताव मांडला. चौथीच्या सगळ्या विषयांच्या तासांना कुणीतरी मागच्या बाकावर बसायचं, हातात स्टॉपवॉच. वर्गात भाषा चालू असेल तेवढा वेळ ते चालू, नसेल तेव्हा बंद. भाषा म्हणजे काय, तर कुणीतरी काहीतरी सांगतंय, विचारतंय, वाचतंय, लिहितंय आणि दुसऱ्याला ते कळतंय. हजेरी, हुकूम, शिट्टी आणि आरडाओरडा धरायचा नाही. बाकीचे वर्ग त्या स्वतः मोजतील. त्यांचा जोडतास मात्र भाषेच्या बाईंनी मोजावा, कारण आपलं वजन आपण करू नये.

"मान्य!" भाषेच्या बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "माझ्या तासाला तर तुमचं घड्याळ बंदच करावं लागणार नाही."

स्टॉपवॉच शाळेत एकच होतं, खेळाच्या सरांचं. त्यांनी ते दोरीसकट काढून दिलं, पण जड हातानं.

आठवडाभर विज्ञानाच्या बाई आपल्या रिकाम्या तासांना चौथीच्या मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आणि त्यांना दिसलं ते त्यांनाही अपेक्षित नव्हतं.

भाषेचा तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली सहा हजेरीत गेली. पाच वह्या वाटण्यात गेली, कारण प्रत्येक वहीबरोबर भाषेच्या बाई वहीच्या मालकाच्या अक्षराबद्दल आणि वळणाबद्दल चार शब्द ऐकवत आणि तोवर मालक दुसऱ्याच वहीवर हक्क सांगत असे. चार मिनिटं लाल पेननं समास आखण्यात. नऊ मिनिटं 'शांत बसा' यात. बाईंनी मोजलं, त्रेचाळीस वेळा. उरली अकरा. त्या अकरा मिनिटांत एक धडा वाचून झाला, तो मात्र भाषेच्या बाईंनी असा वाचला की मागच्या बाकावर विज्ञानाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि घड्याळ बंद करायचं राहिलं. ते सतरा सेकंद त्यांनी नंतर वजा केले.

खेळाच्या तासाला एकोणीस मिनिटं भाषा. पळणं चार मिनिटांचं, आरडाओरडा बारा मिनिटांचा आणि बाकी सगळा वाद, बाद की नाबाद. मुलं मुद्दे मांडत होती, साक्षीदार आणत होती. एकीनं तर तीन वर्षांपूर्वीचा दाखला दिला. गाण्याच्या तासाला बावीस. गणिताला सहा, आणि त्यातलीही दोन 'बाई, पाणी प्यायला जाऊ?' या विषयावर.

जोडतासाला त्या आठवड्यात मेणबत्त्या होत्या. तीन मेणबत्त्यांवर लहान, मधली आणि मोठी अशा तीन बरण्या पालथ्या घालायच्या. कुठली आधी विझेल? मुलं तुटून पडली. मोठ्या बरणीला घाबरून आधी विझेल असंही एक मत पडलं. भाषेच्या बाई मागच्या बाकावर मावत नव्हत्या, तेव्हा त्या खुर्ची टाकून बसल्या आणि स्टॉपवॉचचं बटण दाबून वाट बघत राहिल्या. ते बंद करायची वेळच येईना. शेवटी आकडा आला, सत्तर मिनिटांपैकी एकसष्ट.

"वहिनी," फाटकाबाहेर पडताच त्या म्हणाल्या, "तुझी पोरं किती बोलतात गं! माझ्याकडे यांची दातखीळ बसते."

दुसऱ्या शुक्रवारच्या बैठकीत विज्ञानाच्या बाई आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता उभ्या राहिल्या. त्यांनी फळ्यावर आकडे लिहिले. आठवड्याची एकूण मिनिटं चौदाशे. त्यांपैकी भाषा सहाशे बारा. पस्तीसनं भागलं तर साडेसतरा तास. "म्हणजे सात नव्हेत, भाषेला आत्ताच साडेसतरा तास मिळताहेत," त्या म्हणाल्या. "आणखी पाच लागत नाहीत." आणि खडू ठेवून, हात झटकून खाली बसल्या.

मोठे सर आकड्यांकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला आणि ते उजळणं बघून विज्ञानाच्या बाईंना कसंतरीच झालं.

"वा!" सर म्हणाले. "म्हणजे ज्या तासात निम्म्याहून जास्त भाषा आहे, तो भाषेचाच तास की! आपण उगाच त्याला दुसरं नाव देऊन बसलोय. नवीन तास आणायलाच नकोत. नावं बदलली की झालं." त्यांनी खिशातून हिरवी कार्डं काढली. "सातात पाच मिळवायचे. गुरुवारचे दोन, खेळाचे दोन, गाण्याचा एक. झाले बारा! आणि भाषेचा तास म्हटल्यावर तो भाषेच्या बाईंनीच घ्यायचा, हे ओघानं आलं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे तर दांड्यानं स्वतःच धार लावून दिली होती.

"मग मी काय करू? निबंधाची शिट्टी वाजवू?" खेळाचे सर ओरडले. गाण्याच्या बाईंनी पदर सावरत एक सुरेल हुंदका दिला. आणि विज्ञानाच्या बाई पुन्हा उभ्या राहिल्या, दहा मिनिटांत दुसऱ्यांदा.

"सर, एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं. निदान दोनदा तरी मोजायला हवं."

सरांना हे आवडलं, कारण त्यामुळे निर्णय आठवडाभर पुढे जात होता. "ठीक. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा. आकडा निम्म्याच्या खाली आला तर तास तुमचा, वर राहिला तर हिरवा. शुक्रवारी मला खुलासा पाठवायचाय."

जोडतास वाचवायचा तर एकच मार्ग होता. त्या तासातली भाषा पस्तीस मिनिटांच्या खाली आणायची.

सगळ्यांना एकाच वेळी ते सुचलं होतं. सोमवारपासून शाळेची कळा बदलली. खेळाच्या सरांनी वादाला बंदी घातली. बाद झालेल्यानं तोंडातून शब्द न काढता मैदानाबाहेर जायचं. पोरं रागानं लाल होऊन, गाल फुगवून रांगेनं बाहेर जाऊन बसली, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गाण्याच्या बाईंनी गाण्यांतले शब्दच काढून टाकले. दोन दिवस त्यांच्या वर्गातून नुसता भुंग्यांचा थवा अडकल्यासारखा आवाज येत होता. मोठे सर व्हरांड्यातून चकरा मारताना म्हणाले, "काय शिस्त आलीय हो शाळेला!" एका भाषेच्या वर्गात तेवढा गदारोळ होता, कारण दिवसभर कोंडलेलं पोरं तिथे येऊन सोडत होती. भाषेच्या बाईंचा घसा बसला.

विज्ञानाच्या बाईंनी चौथीला खुणा शिकवल्या. मूठ म्हणजे बर्फ. बोटं हलवत खाली आणली म्हणजे वितळला. अंगठा वर म्हणजे मी सांगितलं होतं ना. या शेवटच्या खुणेची पोरांनी इतकी तालीम केली की ती बाईंना बंद करावी लागली. तोंड उघडायचं नाही, काय दिसेल ते खुणेनं सांगायचं. का, ते बाईंनी खरं खरं सांगितलं. "आपण बोललो तर आपले गुरुवार जातील." सदतीस पोरांनी माना हलवल्या. वर्गात एक पोरगा होता ज्याला सगळे 'भोंगा' म्हणत, आणि शिक्षकही चुकून म्हणून जात. त्याच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यानं छातीवर हात ठेवला.

बुधवारी संध्याकाळी बाई लोकरीचं काहीतरी शोधत होत्या. त्यांचा स्वेटर कसरीनं खाल्लेला. "छकुलीचा मफलर ने," नवरा मिक्सरमधून म्हणाला. "तिथे खुंटीवर आहे."

"विचारायला हवं."

"विचारलंस तर ती त्याची गोष्ट सांगेल. दीड तास जाईल."

हे खरं होतं. तो मफलर भाषेच्या बाईंनी स्वतः विणला होता आणि त्याच्यासारखी ऊब जगात दुसऱ्या कशात नाही, हे त्या पाहुण्यांना तो गळ्यात घालायला लावून पटवून देत. बाईंनी मफलर पिशवीत टाकला.

गुरुवार उजाडला. पाचव्या तासाला भाषेच्या बाई मागे खुर्ची टाकून स्टॉपवॉच घेऊन बसल्या. मोजणाऱ्यानं बोलायचं नाही, हा नियम त्यांनी घसा बसल्यामुळे आनंदानं मान्य केला होता. बाईंनी थर्मासमधून बर्फाचे तीन सारखे तुकडे काढले. प्रत्येक तीस ग्रॅम, घरी वजन करून आणलेले. एक उघड्या ताटलीत. एक वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि एक मफलरमध्ये.

मफलर बाहेर येताच मागची खुर्ची करकरली. भाषेच्या बाईंनी तोंड उघडलं, नियम आठवला, मिटलं. त्यांचे डोळे मात्र बोलत होते आणि जे बोलत होते ते शाळेत बोलण्यासारखं नव्हतं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'आधी कुठला वितळेल?' लिहिणं भाषेतच मोडत असल्यामुळे मागे घड्याळ सुरू झालं. चौदा सेकंद. मुलांनी हात वर करून मतं दिली. उघड्याला सहा, कागदाला दोन, मफलरला एकोणतीस. मागून भाषेच्या बाईंनीही मफलरला हात वर केला. एवढा गरम मफलर, बर्फ त्यात पाच मिनिटं टिकायचा नाही, असं त्या हातातच दिसत होतं.

मग सुरू झालं ते मुकं नाटक. दर दहा मिनिटांनी एकेका रांगेनं यायचं, बघायचं आणि खुणेनं सांगायचं. वर्गात फक्त चपलांचा आवाज, ताटलीतल्या पाण्याचा टपटप आवाज आणि पोरांच्या नाकांतून येणारा श्वास. मधली घंटा झाली. कुणी ऐकली नाही. भोंगा दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरून उभा होता आणि त्याचे कान टोमॅटोसारखे झाले होते. उघड्या ताटलीतला तुकडा बोराएवढा उरला, मग वाटाण्याएवढा, मग नुसतं पाणी. पोरांच्या भुवया कपाळावर चढल्या. सदतीस बोटं एकदम मफलरकडे वळली. त्यातला तर कधीच वितळला असणार!

बाईंनी घड्याळ पाहिलं. बावन्न मिनिटं. घड्याळातली भाषा जेमतेम अडीच मिनिटं. तास वाचला होता. त्यांनी मफलरचं एक टोक धरलं आणि वेढे सोडवायला सुरुवात केली. एक वेढा. दोन. तीन.

आत बर्फ होता. कडा थोड्या गोल झालेल्या, पण अख्खा, जाडजूड.

सदतीस पोरं गप्प राहिली. भोंगाही गप्प राहिला. नंतर कित्येक दिवस तो हे सांगत होता आणि ते खरं होतं.

"अगं, हे कसं काय?" आवाज मागून आला. बसलेल्या घशातून, फाटक्या भोंग्यासारखा. भाषेच्या बाई खुर्ची पाडून पुढे येत होत्या. "वहिनी! माझा मफलर एवढा गरम, आणि आत बर्फ जसाच्या तसा? काहीतरी लबाडी आहे! दाखव मला. अरे, सरका रे!"

वर्गात 'वहिनी' ऐकल्यावर धरण फुटलं.

"बाई, बाहेरची हवा आत जात नाही म्हणून!"

"मग आपल्याला का गरम होतं?"

"आपण बर्फ आहोत का?"

"मफलर गरम नसतोच! मानेची गरमी तो धरून ठेवतो!"

"म्हणजे मी गरम आहे?" भाषेच्या बाई किंचाळल्या.

"हो, बाई!" सगळा वर्ग म्हणाला.

त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. तीन हिवाळे जगाला सांगितलेली मफलरची ऊब खोटी निघाली होती आणि ती स्वतःचीच होती, हे पचायला वेळ लागणार होता. त्यांनी आणखी नऊ प्रश्न विचारले. पोरांनी त्यांची अठरा उत्तरं दिली. कागद उघडला, त्यातला तुकडा मधल्या आकाराचा निघाला, त्यावर वेगळं भांडण झालं. घंटा झाली तेव्हा पोरं दप्तर भरता भरताही भांडतच होती.

भाषेच्या बाईंच्या हातात स्टॉपवॉच होतं. बंद. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर.

शुक्रवारी सकाळी दोघी मोठ्या सरांच्या खोलीत उभ्या होत्या. खेळाचे सरही आपल्या शिट्टीसह येऊन बसले होते.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद!" भाषेच्या बाईंनी वाचून दाखवलं.

"उत्तम," सर म्हणाले. "मग गुरुवार विज्ञानाचाच."

विज्ञानाच्या बाईंनी मनातल्या मनात सहा अर्ज एकाखाली एक रचले. मग म्हणाल्या, "सर, तो आकडा चुकीचा आहे."

"अगं वहिनी," भाषेच्या बाई खोलीचं भान विसरून कुजबुजल्या, "तुझा तास वाचतोय. गप्प बस की!"

"शेवटची अठरा मिनिटं घड्याळ बंद होतं आणि भाषा चालू होती. मोजणाऱ्याच बोलत होत्या."

"मग खरा आकडा किती?"

"वीस मिनिटं चाळीस सेकंद असं म्हणता येईल, पण माझा अंदाज झाला तो. आणि मुलांना मी मुद्दाम मुकं ठेवलं होतं. तसं ठेवून मोजलं तर ते मोजणं म्हणायचं का, मला शंका आहे. हे मोजणं रद्द धरावं."

मोठ्या सरांनी कपाळ चोळलं. "रद्द म्हणजे रकाना रिकामा. रिकामा रकाना मी वर पाठवू शकत नाही. मग आधीचा आकडा धरावा लागेल, बाई. एकसष्ट."

"बरोबर आहे," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. बरोबरच होतं. त्यांना रडू येत होतं आणि बरोबर होतं, दोन्ही एकाच वेळी.

सरांनी दोन हिरवी कार्डं काढली. "घ्या, भाषेच्या बाई. गुरुवार पाचवा, सहावा. पुढच्या आठवड्यापासून तुमचे."

भाषेच्या बाईंनी कार्डं हातात घेतली. उलटी करून पाहिली. "पुढच्या गुरुवारी बर्फाला कापूस आणि लोकर लावून बघायचंय," त्या म्हणाल्या.

"कोण लावणार?"

"तेच म्हणते मी. मला येतं का ते? पोरांनी विचारलं कापूस का हरला, तर मी काय सांगू? निबंध लिहा म्हणू?" त्यांचा घसा अजून बसलेला होता, पण त्यानं काही अडत नव्हतं. "आणि कापूस हरणार नाहीये, ही गोष्ट वेगळी. ते बघितल्याशिवाय मी या तासाला कुणालाही हात लावू देणार नाही. मलासुद्धा!" त्यांनी कार्डं सरांच्या टेबलावर परत ठेवली.

"पण बाई, तुम्हीच बारा म्हणालात!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला, झालं. आठवडाभर बघितलं ना मी, पोरं माझ्याकडे येईपर्यंत उतू जातात. यांना बोलायला जागा हवी, ती माझ्याच वर्गात असायला पाहिजे असं थोडंच आहे? खेळाच्या सरांचेही ठेवा. भांडू दे त्यांना."

खेळाच्या सरांच्या तोंडातून आपोआप एक छोटी शिट्टी वाजली.

"मग हिरवी किती राहिली?" सरांनी कागदावर हिशेब केला. "सात?"

"आठ. गाण्याचा मी घेणार. त्या बाईंनी शब्द काढून टाकले हो! शब्दच काढून टाकले! ते मी विसरणार नाही."

मोठ्या सरांनी थोडा विचार केला. सात आणि बाराच्या मधे आठ कुठेतरी बसतो, हे बघून त्यांना समाधान वाटलं. त्यांनी खुलाशाच्या कागदावर आठ लिहिलं, पुढे 'पुरेसा' लिहिलं आणि सहीवर शिक्का मारला.

पुढच्या गुरुवारी पाचव्या तासाला चौथीच्या वर्गात विज्ञानाच्या बाईंनी कापूस, लोकर आणि बर्फाचे तुकडे मांडले. पोरं मोकळेपणी बोलत होती. भोंग्यानं आठवडाभराची थकबाकी पहिल्या चार मिनिटांतच भरून काढली. आणि मागे खुर्ची टाकून, आपला रिकामा तास वाया घालवून, भाषेच्या बाई बसल्या होत्या. हातात घड्याळ नव्हतं, त्यामुळे दोन्ही हात बोलायला मोकळे होते.

"कापूसच जिंकणार!" त्या म्हणाल्या. "मी सांगते का ते. माझी आई ना, म्हणजे तुमच्या या बाईंची सासू, ती काय करायची..."

विज्ञानाच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सत्तरातली नऊ मिनिटं गेली होती आणि त्यातली सात मागच्या खुर्चीवरून. त्यांनी खडू ठेवला, वर्गभर नजर फिरवली, नजर शेवटच्या खुर्चीवर आणून थांबवली आणि सतरा वर्षांत न केलेली गोष्ट केली.

"वन्सं," त्या शांतपणे म्हणाल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट."

सदतीस पोरं श्वास रोखून मागे वळली. भाषेच्या बाईंनी हाताची घडी घातली. तोंडावर बोट ठेवलं.

ते बोट तिथे सव्वातीन मिनिटं राहिलं. बाईंनी मोजलं होतं.